म्यान साधे, पाते पाणीदार

बी. कॉम., द्वितीय वर्ष

मराठीत 'पाणी' हा शब्द मोठा विलक्षण आहे. मोत्याला पाणी असते, घोड्याला पाणी असते, माणसालाही असते, आणि तलवारीला तर असावेच लागते. लोहार तापलेले पाते बुडवून त्याला जो कठीणपणा आणतो, त्या क्रियेलाच आपण 'पाणी देणे' म्हणतो. हे पाणी वरून दिसत नाही. पाते कामाला लागले म्हणजे कळते. मुठीवरचे सोने आणि म्यानावरची मखमल मात्र लांबूनही दिसते. आपल्या समाजाने मान कशाला दिला, दाम कशाला मोजला आणि विसरला काय, याचा हिशेब या दोन गोष्टींतच मांडता येईल. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्यामुळे हिशेब मांडण्याची खोड मला आहे. वाचकांनी ती थोडी सोसावी, ही विनंती.

हा विचार सुचायला निमित्त झाली एक जपानी तलवार. आमच्या वसतिगृहातल्या मित्रांना जपानी तलवारींचे मोठे वेड. त्यांच्या मोबाइलवर अशा तलवारींची चित्रे पुष्कळ असतात: काळ्या रोगणाची म्याने, रेशमी दोऱ्यांनी गुंफलेल्या मुठी, नक्षीदार परज. त्यांतच एक तलवार अशी होती की तिच्यावर काहीच नव्हते. गुळगुळीत फिकट लाकडाचे म्यान, तशाच लाकडाची मूठ, परज नाही, रोगण नाही, दोरा नाही. लांबून एखाद्या म्हाताऱ्या माणसाची काठीच वाटावी. मित्र म्हणाला, "ही अर्धवट राहिलेली दिसते." कुतूहल वाटले म्हणून मी वाचनालय गाठले, थोडे वाचले, आणि कळले की जपानी माणूस आपले उत्तमातले उत्तम पाते नेमके अशाच म्यानात ठेवतो.

या म्यानाला ते 'शिरासाया', म्हणजे पांढरे म्यान, म्हणतात. ते 'होनोकी' नावाच्या झाडाच्या मऊ लाकडाचे असते. मऊ अशासाठी की पात्यावर ओरखडा उठू नये. रोगण न लावता लाकूड उघडे ठेवतात, कारण रोगणाखाली ओल कोंडली तर पाते गंजते. दोन फाळ्या आतून कोरून भाताच्या खळीने चिकटवतात. भाताचीच खळ का? तर उद्या आत मळ साचला तर म्यान सांध्यावर उकलून स्वच्छ करता यावे. मूठ बांबूच्या एकाच खुंटीवर बसवलेली असते. ती खुंटी काढली की मुठीत दडलेला पात्याचा भाग मोकळा होतो, आणि लोहाराने आपले नाव कोरलेले असते ते तिथे, त्या झाकलेल्या जागी. जपानातही मिरवायच्या मुठी आणि म्याने होतीच, आणि ती भरपूर नक्षीची होती. पण पाते जपून ठेवायचे म्हटले की त्यांनी नक्षी बाजूला काढली. मला या रीतीत फार मोठे शहाणपण दिसते.

आणि त्या पात्यात असते तरी काय? शिमाने प्रांतात लोहयुक्त वाळू आणि लोणारी कोळसा मातीच्या मोठ्या भट्टीत तीन दिवस नि तीन रात्री जाळून पोलादाचा गोळा काढतात. लोहार ते पोलाद तापवतो, ठोकतो, दुमडतो, पुन्हा तापवतो. दहा वेळा दुमडले तर एक हजारावर थर होतात आणि पंधरा वेळा दुमडले तर बत्तीस हजारांवर; ज्याला चक्रवाढ व्याज समजते त्याला हे गणित समजावून सांगायला नको. मग पात्याला मातीचा लेप देतात, पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ, आणि तापवून पाण्यात बुडवतात. धार झपाट्याने निवते म्हणून कठीण होते. पाठ सावकाश निवते म्हणून चिवट राहते. या दोहोंच्या सीमेवर धुक्यासारखी एक रेषा उमटते. ती रेषा हीच त्या तलवारीची नक्षी. ती वरून चढवलेली नसते, पोलादाच्या आतून उगवलेली असते.

आता कोणी म्हणेल, बिदर आणि कलबुर्गीच्या पोरांना जपानचे काय पडले आहे? उत्तर असे की हीच गोष्ट आपल्या भूमीने जगाला फार पूर्वी दाखवली होती, आणि आपण ती विसरलो. आमच्या कन्नड विभागातील मित्रांनी 'उक्कु' हा शब्द आठवून पाहावा. कन्नडात 'कब्बिण' म्हणजे लोखंड आणि 'उक्कु' म्हणजे पोलाद, तेलुगूतही 'उक्कु'च. मुंबईच्या हेलेनस स्कॉट नावाच्या डॉक्टरने १७९४ मध्ये या पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठविले, आणि पुढच्याच वर्षी त्यावर जॉर्ज पिअरसन यांचा प्रबंध प्रसिद्ध झाला. इंग्रजीत या पोलादाला 'वूट्झ' म्हणतात. तो शब्द आपल्या 'उक्कु'चाच अपभ्रंश, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे १८१९ ते १८२२ या वर्षांत मायकेल फॅरेडे यांनी या पोलादावर प्रयोग केले. विजेच्या शोधांमुळे ज्यांचे नाव आपण शाळेत पाठ केले ते हेच फॅरेडे. त्यांचे वडील लोहार होते, ही गोष्ट मात्र शाळेत आपल्याला कोणी सांगितली नाही.

उक्कु करण्याची रीतही साधीच होती. मातीच्या मुशीत लोखंडाचे तुकडे, त्यांबरोबर लाकडाचे तुकडे आणि पाने घालायची, तोंड मातीने लिंपायचे आणि मुशी भट्टीत रचून तासन् तास भाता चालवायचा. पानांतला, लाकडातला कार्बन लोखंडात उतरे. मग मुशी सावकाश निवू द्यायची आणि फोडून आतली पोलादाची वडी काढायची. तिच्यात कार्बन शेकडा दीडच्या आसपास, म्हणजे साध्या पोलादापेक्षा पुष्कळ अधिक. ही वडी ठोकणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. ताव जास्त झाला की ती भुगा होई. युरोपातले कुशल लोहारसुद्धा इथे फसत, कारण पांढऱ्या तावावर ठोकायची सवय त्यांच्या हाताला होती. उक्कु मागत होता मंद, लाल ताव आणि धीर. पाते पुरे झाल्यावर त्याला सौम्य आम्लाने धुतले की पाण्यावरच्या तरंगांसारख्या रेषा उठत. त्यांना 'जौहर' म्हणत. पश्चिमेकडचे लोक ज्यांना दमास्कसच्या तलवारी म्हणून डोक्यावर घेतात, त्यांतील पुष्कळांचे पोलाद हिंदुस्थानातून गेलेले होते.

हे पोलाद कोठे होत असे? दक्षिणेत अनेक ठिकाणी. पण त्यांतले एक नामांकित गाव आपल्या शेजारीच, तेलंगणातील निजामाबाद भागात आहे. त्याचे नाव कोनासमुद्रम. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हेन्री व्हॉयसी या भूशास्त्रज्ञाने तेथील भट्ट्या पाहून त्यांचे वर्णन लिहून ठेवले. इराणातले व्यापारी त्या खेड्यात स्वतः येऊन, माल पारखून पोलाद नेत. मित्रहो, निर्यात व्यापारावरच्या आपल्या पाठ्यपुस्तकात हे उदाहरण का नसावे? इस्फहानचा व्यापारी समुद्र ओलांडून, बैलगाडीची वाट तुडवून आपल्या शेजारच्या खेड्यात येतो, आणि मागतो काय, तर नक्षी नसलेली, काळीकुट्ट, मुठीएवढी पोलादाची वडी!

मग हे सारे गेले कुठे? भट्टीला लागणारा कोळसा महागला, रानांवर निर्बंध आले, तलवारीची जागा बंदुकीने घेतली. १८५६ मध्ये हेन्री बेसेमर यांनी स्वस्त पोलाद करण्याच्या रीतीचे पेटंट घेतले आणि विलायती पोलादाचा पूर लोटला. स्वस्त मालापुढे हस्तकौशल्य टिकत नाही हा अर्थशास्त्राचा नियम मला मान्य आहे. पण हाच पूर जपानवरही आला होता. तेथे तर १८७६ च्या हुकुमाने तलवार बाळगायलाच बंदी झाली, आणि १९४५ च्या पराभवानंतर काही वर्षे तलवार घडवणेही बंद होते. तरीही त्यांनी विद्या मरू दिली नाही. १९७१ मध्ये गास्सान सादाइची या लोहाराला तेथील शासनाने 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा मान दिला. १९७७ मध्ये शिमानेतील बंद पडलेली भट्टी पुन्हा पेटवली. आज तेथे तलवार घडवायची तर परवानाधारक गुरूच्या हाताखाली किमान पाच वर्षे उमेदवारी करावी लागते, आणि महिन्याला दोनपेक्षा अधिक लांब तलवारी करता येत नाहीत. यंत्राने घाईत काढलेली युद्धकाळातील तलवार तेथे कलावस्तू म्हणून नोंदलीच जात नाही. शस्त्र म्हणून तलवारीचा काळ संपला हे त्यांनी मान्य केले. विद्या म्हणून ती राखली. आपण शस्त्रही सोडले आणि विद्याही.

आपल्याकडे कारागिराला मान मिळतच नाही असे मी म्हणणार नाही. बिदरी कामाला २००६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बिदरचे शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा साऱ्या जिल्ह्याची मान उंचावली. जस्त आणि तांब्याच्या मिश्रणावर चांदी ठोकून बसवायची, मग किल्ल्यातली माती नि नवसागर लावून पृष्ठभाग काळा करायचा, ही कला असामान्य आहे यात शंका नाही. पण याच शहराच्या रस्त्याकडेला भाता लावून बसलेला लोहार आपल्याला कारागीर वाटत नाही. का? कारण त्याच्या मालावर चांदी नाही. बिदरी सुरई आपण दिवाणखान्यात ठेवतो, विळा आढ्याला खोवतो. सुरईची किंमत विचारून मान डोलावतो, विळ्याची किंमत ऐकून घासाघीस करतो. नक्षीला मान आणि घडणीला घासाघीस, हा आपला व्यवहार आहे.

आणि तलवारीचे म्हणाल तर तिचे आपण काय केले? वाढदिवसाचा केक तलवारीने कापणारे वीर आता गावोगावी झाले आहेत. त्यांच्यावर पोलिसांनी गुन्हे नोंदविल्याच्या बातम्या सीमेच्या दोन्ही बाजूंच्या वृत्तपत्रांत येतात. ती तलवार बहुधा चकचकीत पत्र्याची असते. तिला पाणी दिलेले नसते, मूठ सोनेरी मुलाम्याची असते. म्हणजे आत काही नाही आणि बाहेर सर्व काही! शस्त्रांविषयीच्या नियमांची अनुसूची या बाबतीत वाचण्यासारखी आहे. तीत तलवार आहे, काठीत दडवलेली गुप्तीही आहे, नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे सुरेही आहेत. मात्र घरकाम, शेती, विज्ञान आणि उद्योग यांसाठी केलेली पाती तीतून वगळली आहेत. कायद्याने पात्याची परीक्षा कामावरून केली. आपणही तशीच करावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

या परीक्षेला आपल्याकडचे कोणते पाते उतरते? माझ्या मते विळा. भालकी तालुक्यातल्या माझ्या गावी तो मराठी घरात 'विळा' असतो, शेजारच्या कन्नड घरात 'कुडुगोलु' असतो, आणि दोन्ही घरांचा लोहार एकच असतो. एक घर त्याला लोहार म्हणते, दुसरे कम्मार. मोडीत निघालेल्या ट्रकच्या कमानीचा पाटा आणून तो तोडतो, तापवतो, ऐरणीवर ठोकतो, वाक देतो, कानशीने दाते काढतो आणि पाणी देतो. घण मारायला बहुधा घरची बाई असते. मूठ बाभळीची, तिला रंग नाही, रोगण नाही, वापराने तळहाताच्या घामानेच ती गुळगुळीत होते. साध्या लाकडात बसवलेले, हाताने घडवलेले, पाणी दिलेले पाते! जपानी पांढऱ्या म्यानातल्या त्या पात्याचा हा गरीब पण सख्खा भाऊ आहे.

आता या विळ्याचे परिव्ययपत्रक मांडून पाहू. कच्चा माल: पाटा. इंधन: कोळसा. प्रत्यक्ष मजुरी: दोन माणसांची. वरखर्च: भाता किंवा विजेचा पंखा, ऐरणीचा घसारा, बाजारापर्यंतचे बसभाडे. येथवर सर्व रकाने आपल्याला शिकवलेले आहेत. पण पाणी देताना पात्याचा रंग पाहून ज्या क्षणी तो सांडस खाली नेतो, तो क्षण ओळखण्याच्या विद्येसाठी कोणता रकाना आहे? मोठ्या पेढीची विक्री झाली की 'ख्याती' म्हणून लाखो रुपये वेगळे मोजले जातात. पंचक्रोशीत ज्याच्या विळ्याची शपथ घेतात, त्याच्या ख्यातीला शून्य. मी आमच्या गावच्या लोहारमामांना विचारले की बाजारात छापाचा विळा निम्म्या किमतीत मिळतो, तुमचा कोण घेणार? ते म्हणाले, "बाळा, तो विळा एका सुगीचा. माझा विळा बापानं घ्यावा आणि लेकानं वापरावा." किंमत दर सुगीला किती पडली असे भागून पाहिले, तर त्यांचाच विळा स्वस्त ठरतो. गिऱ्हाईक मात्र भागाकार करीत नाही, पहिला आकडा पाहून वळते. मामांचा मुलगा आता वेल्डिंगच्या दुकानात कामाला जातो. त्याला मी दोष देत नाही.

आपल्या भाषेनेही या माणसांवर अन्यायच केला आहे. गचाळ, उतावळ्या कामाला आपण 'घिसाडघाई' म्हणतो. या शब्दात गावोगाव पाल ठोकून अवजारे करणाऱ्या घिसाड्याचे नाव गोवलेले आहे. पण घिसाडी घाई करतो ती लोखंड निवेल म्हणून! ताव उतरायच्या आत घाव पडला नाही तर सारे वाया जाते. ज्याला आपण उतावळेपणा समजलो ती खरे तर अचूक वेळेची जाण होती. 'साधी माणसं' या भालजी पेंढारकरांच्या १९६५ च्या चित्रपटातले लोहाराचे गाणे आपण आजही स्नेहसंमेलनात आळवतो. त्या गाण्यातली ऐरण मात्र आपल्या वर्गातील किती जणांनी जवळून पाहिली आहे?

माझ्या या म्हणण्यावर एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. पूर्वीच्या गावगाड्यात लोहार बलुतेदार होता. सुगीला त्याला धान्य मिळे, पण त्याबरोबर जातीचे जोखडही मानेवर असे. लोहाराच्या पोराने लोहारच व्हावे असे त्यात होते. तो गावगाडा परत यावा असे मला मुळीच वाटत नाही. जपानचा लोहार हा जन्माने नेमलेला नसतो; ज्याला शिकायचे तो पाच वर्षे शिकतो आणि परवाना मिळवतो. विद्या जातीतून सोडवून शाळेत आणणे, हाच मार्ग आहे. आणि हा विचार परका आहे असे कोण म्हणेल? आपल्याच जिल्ह्यातल्या कल्याणात, आजच्या बसवकल्याणात, बाराव्या शतकात बसवेश्वरांभोवती जे शरण जमले त्यांत धोबी होता, नावाडी होता, चांभार होता, दोर वळणाराही होता. प्रामाणिक श्रमाला त्यांनी 'कायक' म्हटले आणि कोणतेही कायक हलके मानले नाही. त्या कल्याणपासून बसने तासा-दोन तासांच्या अंतरावर राहून आपण विळ्याची घासाघीस करावी, हे शोभत नाही.

दुसरा आक्षेप असा की शासन आहे ना! आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत; त्यांत लोहार आहे, शस्त्रे घडवणारा कारागीरही आहे. अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्य, प्रशिक्षणाच्या काळात रोज पाचशे रुपये भत्ता, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख व मग दोन लाखांपर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. पण अर्ज भरायचा, आधार जोडायचे, बँकेत खेपा घालायच्या, हे भाता सोडून तो केव्हा करणार? इथे आपले, म्हणजे वाणिज्य शाखेचे, काम सुरू होते.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, आपल्या विभागाने या वर्षीचा प्रकल्प म्हणून औराद, भालकी, कमालनगर, हुमनाबाद, आळंद येथील आठवडी बाजारांत बसणाऱ्या लोहारांची नोंद करावी, त्यांचे खरे परिव्ययपत्रक मांडावे आणि ज्यांना हवे त्यांचे योजनेचे अर्ज भरून द्यावेत. आपण दोन भाषा बोलतो, तिसरी समजतो. हे काम आपल्याइतके सोपे कोणाला जाणार? दुसरी, प्रत्येक लोहाराला आपल्या नावाचा किंवा खुणेचा पोलादी ठसा करायला सांगावे आणि तो विळ्यावर, मुठीजवळ, उठवावा. ज्या मालावर नाव असते त्याची ख्याती वाढते, आणि ख्याती वाढली की किंमत मागता येते. तिसरी सूचना प्राध्यापकांसाठी. १९९८ मध्ये अमेरिकेत जौहरदार पोलादावर एक प्रबंध निघाला. धातूतील व्हॅनेडियमसारख्या अत्यल्प अंशामुळे त्या रेषा उमटतात असे त्यात दाखविले होते. त्याच्या लेखकांत जॉन व्हरहोवन हे प्राध्यापक होते आणि आल्फ्रेड पेंड्रे हे लोहार. विद्यापीठाचे आणि ऐरणीचे नाव एकाच ओळीत छापले गेले. आपल्या महाविद्यालयाच्या एखाद्या निबंधावर तसे छापून यायला काय हरकत आहे?

खंडेनवमीला मराठी घरात आणि आयुधपूजेला कन्नड घरात आपण अवजारांना हळदकुंकू वाहतो. दुचाकीला हार घालतो, संगणकाला गंध लावतो, वहीखात्यावर फूल ठेवतो. पूजेत विळाही असतो. तो घडवणारा नसतो. या वर्षी त्याच्याकडून एक विळा घ्यावा आणि सांगेल ती किंमत घासाघीस न करता द्यावी. पोलादाला 'उक्कु' हे नाव देणाऱ्या भाषेच्या आणि पात्याच्या धारेला 'पाणी' म्हणणाऱ्या भाषेच्या लेकरांकडून एवढी अपेक्षा अवाजवी नाही.